माझी नात पाणाडी नाही

मी चौथी शिकले. नात पुण्यात काय शिकते हे मला समजणार नाही, असं घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी तिलाच विचारलं.

"आजी, डेअरीत दूध गार करायच्या मशीनमध्ये गॅस फिरतो ना, त्याच्या जागी नवा आणायचाय. तो किती गरमीत उकळेल, किती दाबला की पाण्यासारखा पातळ होईल, हे तो बनवायच्या आधीच कॉम्प्युटरवर काढायचं."

त्यासाठी ती कॉम्प्युटरात एक पेटी मांडते. पेटीत त्या गॅसचे बारीक कण. थोडे लांब असले की एकमेकांना ओढतात, फार जवळ आले की ढकलतात. एखादा कण या भिंतीतून बाहेर गेला की समोरच्या भिंतीतून आत येतो.

"ही पेटी खोटी हाय," मी म्हणाले.

"आहेच. उत्तर खरं यायला पाहिजे."

मला ते पटलं.

आमचा पारनेरचा कोरडा भाग. गावाला गॅसचं काही नव्हतं; एवढंच कळलं, की पोरगी कॉम्प्युटरवर आधीच सांगते, म्हणजे पाण्याचंच सांगत असणार. लोक बोअर कुठं घ्यायचा ते विचारायला येऊ लागले.

उन्हाळ्यात ती दोन दिवस घरी आली, तेव्हा तिला बघायला पाहुणे आले. पोह्यांची बशी हातात घेऊनच मुलाचे वडील म्हणाले, "मोबाईलवर आमच्या रानाचा नकाशा आनलाय. पानी कुठं लागंल, सांग पोरी."

"काका, जमिनीतलं पाणी यानं कळत नाही."

"मंग काय कळतं?"

तिनं सांगितलं. ते हसले. "आमचा पानाड्या तळहातावर नारळ घिऊन रानात फिरतो. नारळ उभा ऱ्हायला की काम झालं. तू इतकी वर्सं गॅस उकळतीस, त्योबी खोटा! लग्नानंतर हे बंद करायचं, बरं का."

माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, मान डोलावली. तिचा चेहरा उतरला.

"बंद व्हायचं न्हाई," मी म्हणाले. "पाव्हणं, असल्याच नारळावर आमचे दोन बोअर कोरडे गेले. पानाड्या चुकलो म्हनला का? खडक आडवा आला म्हनला. हिचा आकडा प्रयोगशाळेतल्या मोजणीशी जुळला न्हाई, तर ही माजं चुकलं म्हनती आन् पुन्हा मांडती."

"आजी, तुमाला त्यातलं काय कळतं?" पाहुण्यांनी विचारलं.

"थोडं कळतं. तुमी तर नीट ऐकलंबी न्हाई. पोहे खावा आन् निघा."

चहा न घेता गेले.

मुलगा म्हणाला, "आई, आता हिला स्थळ येनार न्हाई."

"न येऊ दे. तिची पुण्याची एसटी चुकंल. गाडी काढ."

तो मोटारसायकल काढून तिला स्टँडवर सोडून आला. माझ्याशी कित्येक दिवस बोलला नाही. मला कामं होती.