थर्मामीटरचा हात

गल्लीत त्याला सगळे थर्मामीटर म्हणत. हे नाव त्याच्या गुरूने ठेवलं होतं, तो नुकता मिसरूड फुटलेला मेकॅनिक होता तेव्हा. तापलेल्या इंजिनाशी तो वाकायचा, इथे-तिथे तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "पाणी फिरत नाहीये," नाहीतर "पंखा उशिरा लागतोय." उघडून बघितलं की तेच निघायचं. देव कुणाच्या गळ्यात देतो, कुणाच्या डोक्यात देतो. ह्याच्या तळहातात दिलं होतं.

"डोळे फसवतात," तो म्हणायचा. "वरून सगळं चकाचक दिसतं. हात खोटं बोलत नाही."

आता केस पांढरे झाले होते. गॅरेज म्हणजे घराच्या मागची लांबट शेड. तिचा पत्र्याचा दरवाजा लाथ घातल्याशिवाय सरकत नसे, आणि आताशा लाथ घालताना गुडघा आधी ओरडायचा. आत एक खुर्ची होती, तारेने हात बांधलेली. पूर्वी तिच्यावर गिऱ्हाइकं बसायची, हल्ली बहुतेक तोच बसलेला असायचा.

त्या दिवशीही तो तिथेच टेकला होता. एवढ्यात बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला.

भाऊजी आले होते, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाडी तीच, साय धरलेल्या दुधाच्या रंगाची, जुनी. या गाडीने गेले काही महिने त्याच्या नाकी नऊ आणले होते. ताईला दर शुक्रवारी घाटापलीकडच्या मोठ्या इस्पितळात उपचाराला न्यावं लागे. तिची हाडं इतकी दुखरी झाली होती की बसचे हादरे तिला सोसत नसत. मागच्या सीटवर उशा लावून भाऊजी तिला हळूहळू घेऊन जात. आणि गाडी घाट चढायला लागली की तापायची.

"पुन्हा?" त्याने विचारलं.

"पुन्हा. परवाच्या शुक्रवारी बरोबर अर्ध्या घाटात," भाऊजी दार आपटत म्हणाले. "बोनेटमधून अशी वाफ, की लोकांना वाटलं आम्ही रस्त्यात चूल मांडली. तुझी बहीण दगडावर छत्री घेऊन बसलेली. गाडी निवेपर्यंत तिकडे डॉक्टर निघून गेले."

"ताई काय म्हणाली?"

"ती कधी काही म्हणते? म्हणाली, बरं झालं, जरा मोकळी हवा मिळाली." भाऊजींचा आवाज खाली आला. "डॉक्टर म्हणाले, एक खेप चुकली ती चुकली. आता दुसरी चुकली तर आजवर जे कमावलं ते सगळं हातचं जाईल."

तो चिंधीने हात पुसत राहिला. हात आधीच कोरडे होते.

"हे बघ थर्मामीटर, तू तीनदा दुरुस्त केलीस, मी तीनदा गप्प बसलो. शुक्रवारी ही घाट चढली पाहिजे. तुला जमत नसेल तर आत्ताच सांग. मी सरळ कंपनीच्या वर्कशॉपला नेतो. नात्यापायी तिचा जीव टांगणीला लावायची माझी तयारी नाही."

"ठेवून जा," तो म्हणाला.

भाऊजी गेले. त्याने बोनेट उघडलं आणि तसाच उभा राहिला. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पहिल्या खेपेला थर्मोस्टॅट बदलला होता. इंजिन तापलं की पाण्याला वाट मोकळी करून देणारी ती छोटी झडप. दुसऱ्या खेपेला रेडिएटर खोलून धुतला. तिसऱ्या खेपेला पंप आणि पट्टा नवा घातला. त्या खेपेला ताईही बरोबर होती, गाडीत बसून. तिचा चेहरा ओढलेला दिसला म्हणून त्याने हात धुऊन तिच्या कपाळावर ठेवला होता आणि म्हटलं होतं, "ताप नाही गं, दमली आहेस नुसती." ती त्याच्याकडे बघून हसली होती.

त्याने इंजिन चालू केलं आणि काट्याकडे बघत बसला. काटा मध्यावर आला आणि शहाण्या मुलासारखा तिथेच थांबला. गाडीची खोड हीच होती. गॅरेजात गरीब गाय, घाटात वाघ. चिंधी धरून जपून रेडिएटरचं झाकण उघडून त्याने पाण्यात बुडबुडे येतात का पाहिलं. नव्हते, म्हणजे हेडचं गॅस्केट, इंजिनाच्या जोडातली पातळ पट्टी, शाबूत. मग तो वाकला. वरच्या पाइपावर हात ठेवला, डोळे मिटले. खालच्या पाइपावर ठेवला, दाबला.

दोन्ही ठीक.

निदान तसं वाटलं. गेले कित्येक दिवस हाताकडून येणारा निरोप असा लांबून, पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा यायचा. कधी यायचाच नाही, मग तो आपल्याच मनाने तो पुरा करायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. करंगळीवर मध्येच टरारून फोड आला तेव्हा बायकोला म्हणाला होता, सायलेन्सरला हात लागला. खरं तर तो कधी आणि कशाने आला हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दूध उतू चाललं होतं. बायको खिडकीत वाळलेले कपडे काढत होती. त्याने गॅस बंद केला, पातेलं नुसत्या हातांनी उचललं आणि ते कुठे ठेवावं म्हणून ओट्यावर जागा शोधत उभा राहिला.

"अहो! ठेवा ते! ठेवा आधी!"

"अगं, काय झालं?"

तिने फडक्याने पातेलं हिसकावून घेतलं, त्याचे हात नळाखाली ओढले. बोटांची टोकं लालबुंद झाली होती. तो त्यांच्याकडे बघत होता, दुसऱ्या कुणाची असावीत तसा.

ती आत जाऊन शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन आली. "डोळे मिटा."

"हे काय पोरखेळ..."

"मिटा म्हटलं ना."

त्याने डोळे मिटले. थोडा वेळ गेला. "टोच की मग," तो म्हणाला. "केव्हाची नुसती हात धरून बसली आहेस."

काही उत्तर आलं नाही म्हणून त्याने डोळे उघडले. बोटावर रक्ताचे दोन ठिपके होते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"साखर वाढली तेव्हापासून असेल."

"डॉक्टर म्हणाले नव्हते, बधिर वाटलं तर लगेच या म्हणून?"

"ते पायांचं म्हणाले होते."

"पायांचं म्हणे! आणि हात काय शेजाऱ्यांचे आहेत?" ती खाली बसली. मग हळूच म्हणाली, "मग भाऊजींच्या गाडीत तुम्ही इतके दिवस काय बघितलंत?"

ही बाई दूध उतू गेलं तरी देवाचं नाव घ्यायची, चावी हरवली तरी घ्यायची. आत्ता तिने तेही घेतलं नाही. नुसती सुई पुसून डब्यात ठेवली. ते पाहून त्याला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडून तो परत घरात आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"जरा येतेस?"

"कुठे?"

"गॅरेजात."

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला असं कधी बोलावलं नव्हतं. चहा द्यायला ती दारापर्यंत जायची, तिथूनच कप परत आणायची. तिने ओले हात कपड्याला पुसले आणि मागोमाग गेली.

गाडी फिरवून आणून त्याने नुकतीच बंद केली होती. तिला बोनेटपाशी उभं करून म्हणाला, "हा वरचा पाइप आणि हा खालचा. हात लाव."

"आणि मला भाजलं तर?"

"भाजलं तर सांग. मला तेवढंच हवंय."

तिने पुटपुटत देवाला हाक मारली आणि बोट टेकवलं. "आई गं! चांगलाच तापलाय हा वरचा."

"बरोबर. आता खालचा."

"हा त्यामानाने कोमट आहे." तिने पाइप चिमटीत धरला, मग मुठीत. कपाळाला आठी घातली. "अहो, पण हा मऊ पडलाय."

"मऊ म्हणजे?"

"म्हणजे मऊच. वरचा दाबला तर हात मागे ढकलतो. ह्यात काही जीवच नाही. धुऊन धुऊन सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखा लागतोय."

त्याने काही क्षण तिच्याकडे पाहिलं. मग गाडी चालू केली, परत येऊन वाकला आणि इंजिनाजवळची ॲक्सिलरेटरची तार बोटात धरून ओढली. नेहमीप्रमाणे पापण्या मिटायला निघाल्या, त्याने त्या जबरदस्तीने उघड्या ठेवल्या. इंजिन घोंघावायला लागलं. घाट चढताना घोंघावतं तसं. आणि त्याच्या डोळ्यांदेखत खालचा पाइप आत ओढला गेला, चपटा झाला. लहान मूल सरबताची कागदी नळी ओढून ओढून चपटी करतं तसा. तार सोडली तसा पुन्हा फुगला.

"हे काय झालं?" ती दोन पावलं मागे सरकली होती.

"ह्या पाइपातून निवलेलं पाणी इंजिनात जातं. पंप ते ओढून घेतो. गाडी उभी असली की हळू ओढतो, घाटात जोरात ओढतो. पाइपाच्या आत तारेची गुंडाळी असते, तो मिटू नये म्हणून. ती गंजून गेली असणार." तो थांबला. "पाणीच बंद होत होतं. ऐन चढावर. आणि नवा पंप घालून मी ती ओढ आणखी वाढवून ठेवली."

"देव पावला. सापडलं एकदाचं."

"तीनही खेपांना मी ह्याला हात लावलाय," तो म्हणाला. "दाबून बघितलाय."

"डोळे होते ना पण तुम्हाला?"

"होते की."

तो खुर्चीत जाऊन बसला. आनंद व्हायला हवा होता, पण तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला. ती भाजी गॅसवर टाकून आली होती, तरी थोडा वेळ त्याच्याजवळ उभी राहिली. मग घरात गेली.

नवा पाइप बसवायला त्याला दुपार लागली. पूर्वी गप्पा मारता मारता झालं असतं. क्लिप किती आवळली हे बोटांना कळेना, म्हणून दर वळणाला चष्मा चढवून बघावं लागत होतं. कामाचा असा कंटाळा त्याला आयुष्यात कधी आला नव्हता.

शुक्रवारी उजाडताच भाऊजी आणि ताई आले. शेजाऱ्याच्या रिक्षातून उतरून ताई आपल्या उशांमध्ये जाऊन बसली. भाऊजींनी चावीसाठी हात पुढे केला.

"काय होतं शेवटी?"

"खालचा पाइप गेला होता."

एवढ्यावर भागलं असतं. चावी दिली असती तर गाडी निघून गेली असती. थर्मामीटर थर्मामीटरच राहिला असता. दारात त्याची बायको उभी होती, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. मुद्दामच, असं त्याला वाटलं.

"भाऊजी," तो म्हणाला, "तो पहिल्यापासून तोच होता. मला कळला नाही. माझ्या हातांना आता काही कळत नाही. गरम, गार, मऊ, कडक, काहीच नाही. परवा हिने हात लावून सांगितलं."

चावीसाठी पुढे केलेला भाऊजींचा हात तसाच राहिला.

"मला माहीत होतं," गाडीतून ताई म्हणाली.

दोघेही वळले.

"गेल्या वेळी माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणालास ना, ताप नाही? अरे, फणफणले होते मी. घरी जाऊन गोळी घेतली तेव्हा कुठे उतरला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? बोलले असते तर ह्यांनी गाडी त्याच दिवशी दुसरीकडे नेली असती. आणि तू हे दार लावून घेऊन बसला असतास. मला का माहीत नाहीस तू?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं," भाऊजींचा आवाज चढला, "आणि तरी तू मला त्या घाटात..."

"मोकळी हवा मिळाली म्हटलं ना. आता गाडी काढा, उशीर होतोय."

भाऊजी चावी घेऊन पुटपुटत गाडीत बसले. गाडी निघाली. ताईने मागच्या काचेतून हात हलवला. त्यानेही हलवला आणि मग तो हात खिशात घातला.

गाडी घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंतचा वेळ त्याने काहीही न करता काढला. आत बायको देवापुढे बसली होती, ओठ हलत होते. फोन वाजला तो तिने घेतला.

"चढली!" ती ओरडली. "काटा मध्यावर आहे म्हणतात. आणि..." ती ऐकून हसली. "भाऊजी म्हणतात, परत आल्यावर ब्रेक दाखवायचेत. वहिनी गॅरेजात कधी असतात विचारताहेत."

"चेष्टा करतायत."

"नाही, खरंच विचारतायत."

बाहेर दुसरी एक गाडी येऊन उभी राहिली होती. तो नळाशी गेला, साबण घेतला, पाणी सोडलं आणि हात खाली धरून थांबला.

"गरम आहे का गं?"

तिने येऊन धारेत बोट घातलं. "कोमट आहे."

"बरं," तो म्हणाला, आणि हात धुऊ लागला.