झालंच की

आमच्या फौंड्रीत काम अपुरं राहिलंय, हे बाळासोमामांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. फिनिशिंग त्यांच्या हाताखाली. पंपाच्या बॉड्या घासायच्या, रंगवायच्या, पेटीत घालायच्या. कधीही विचारा, "मामा, झालं का?" उत्तर एकच, "झालंच की." याचा अर्थ निम्मं झालंय असाही होतो आणि अजून हात लावलेला नाही असाही. मुलीच्या लग्नात वऱ्हाड दारात आलं तेव्हा मांडवाचे वासे जमिनीवर पडले होते, आणि हा गृहस्थ व्याह्यांना सांगत होता, "झालंच की पावणं, बसा." बसा म्हणे. कशावर?

मी हे हसण्यावारी नेलं असतं, पण माझं पोट त्यांच्या तोंडावर अवलंबून आहे. मी श्रुती, ऑफिसात स्पॅनिश येणारी एकटी. स्पेनचं एक गिऱ्हाईक आहे म्हणून मालक पृथ्वीराजसाहेबांनी मला ठेवलं. ते गेलं तर तुझ्या स्पॅनिशचं काय लोणचं घालायचं, हे त्यांनी तोंडावर सांगितलंय.

तिकडची बेगोन्या रोज दुपारी व्हिडिओवर येते आणि विचारते, "आस तेर्मिनादो?" म्हणजे, काम संपवलंस का? मी खिडकीतून शेडमध्ये ओरडून मामांना विचारते. मामा म्हणतात, "झालंच की." मी बेगोन्याला सांगते, "कासी." कासी म्हणजे जवळजवळ. 'झालंच की'ला याहून सभ्य शब्द मला सापडलेला नाही. असं बरेच दिवस चाललं. मग एके दिवशी ती म्हणाली, शुक्रवारी माल तयार नसेल तर पुढची ऑर्डर दुसरीकडं.

हे सांगायला मी शेडमध्ये गेले, तर मामा माझ्याशी बोलेनात. चहा पुढं केला, तोंड फिरवलं. शेवटी फुटले.

"रोज त्या बाईला काय सांगतीस गं? काशी, काशी. मी कामाची काशी घातली व्हय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. वाट लावण्याला आमच्याकडं काशी घालणं म्हणतात, हे मला कसं सुचलं नाही?

"मामा, कासी म्हणजे तुमचं झालंच की. आता शुक्रवारी खरंच व्हायला पाहिजे, नाहीतर ऑर्डर जाईल."

"मग खरंच झालं, तर काय म्हणायचं?"

"तेर्मिनादो."

"शुक्रवारी त्येच सांगतो. मी सोता."

शुक्रवारी मामा केस विंचरून लॅपटॉपपुढं बसले. बेगोन्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत खणखणीत म्हणाले, "तेर्मिनादो." ती खूश झाली आणि म्हणाली, माल दाखवा. मी भाबडी, लॅपटॉप उचलून शेडमध्ये गेले. निम्म्या बॉड्यांना रंगच नव्हता.

"रंग तेवढा ऱ्हायलाय," मामा हळूच म्हणाले.

बेगोन्यानं विचारलं, सोमवारी होईल का? ही शेवटची संधी. मी ते मामांना सांगितलं आणि आता ते दोन शब्द येणार म्हणून दात आवळून उभी राहिले. मामा त्या उघड्या लोखंडाकडं बघत होते.

"सोमवारी न्हाय व्हायचं," ते म्हणाले. "हवा दमट हाय, रंग वाळंना. मंगळवारी हुईल."

जन्मभर थापा मारल्या आणि खरं बोलायला यांना नेमकी हीच वेळ सापडली. सोमवार सांगून मोकळं व्हावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण मग सोमवारी परत कासी म्हणावं लागलं असतं, आणि त्या शब्दाचा मला वीट आला होता.

"मार्तेस," मी म्हणाले. मंगळवार.

बेगोन्यानं ते लिहून घेतलं. ठीक आहे, म्हणाली. तुमच्याकडून पहिल्यांदाच नक्की वार कळला, ऑर्डर तुमच्याकडंच राहू दे.

मी लॅपटॉप मिटला.

"काय म्हणाली?" मामांनी विचारलं.

"मंगळवार चालतंय म्हणाली. ऑर्डरपण राहिली."

"बघ," मामा ब्रश उचलत म्हणाले. "पयल्यापास्नं वारच इचारायचा हुता की. उगंच आपलं झालं का, झालं का."