सामंतकाकांचा वास

सप्लायर वेळेवर माल देत असतो तोवर त्याच्याबद्दल बोलायला काही नसतं. त्याला सोडायचं ठरवा, मग बघा, किस्सेच किस्से! सामंतकाकांचे तर आमच्याकडे इतके साचलेत की कारखान्यातली दोन जुनी माणसं भेटली तरी समोरचा चहा गार होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला आमचा अंघोळीच्या साबणाचा छोटा कारखाना, मी पर्चेसला. साबणात घालायचं सेंट घाटकोपरहून सामंतकाका पाठवायचे. मालवणकडचे, सत्तरीचे, एकटेच राहायचे. फॉर्म्युला फक्त त्यांच्या डोक्यात! मालक दळवीसाहेब म्हणायचे, "उद्या म्हातारा गेला तर चाळीस माणसं घरी बसतील, यार!"

म्हणून प्लॅन ठरला. तीन महिन्यांचा साठा करायचा, दुसरा माणूस शोधायचा आणि मग काकांना माल बंद केल्याचं पत्र द्यायचं. तोवर तोंडाला कुलूप!

*

पहिली मीटिंग केबिनमध्ये झाली, दार लावून. साहेब, प्रॉडक्शनचे तावडे आणि मी. बाहेर येऊन खुर्चीत बसते तोच फोन.

"काय गो शुभा," पलीकडून काका! "तीन म्हयन्यांचो माल एकदम धाडू, की थोडो थोडो?"

मी ऑर्डर टाइपसुद्धा केली नव्हती!

*

साहेबांना वाटलं, टेलिफोन ऑपरेटर कान लावतो. पुढची मीटिंग पवईला, तलावाच्या काठी, उभ्याउभ्या. तिथे चारकोपच्या एका सेंटवाल्याचं नाव पक्कं केलं.

परत आलो तर काकांचा सेंटचा डबा येऊन पडलेला. वर चिठ्ठी: "पवईस डास फार. ऑफिसातच बसत जा."

तावडे मोठ्याने हसले. मग चिठ्ठी धरलेले हात बराच वेळ नळाखाली धूत बसले.

*

चारकोपवाल्याला आम्ही काकांच्या सेंटचा नमुना दिला. त्याने हुबेहूब बनवलं, लॅबनेही पास केलं. एक बॅच काढली.

पॅकिंगला भांडुपच्या कोळीवाड्यातल्या हिराबाई होत्या. त्यांनी वडी हुंगली आणि खाली ठेवली.

"काय झालं?"

"बाय, हा साबण जिता नाय."

त्या दिवशी पॅकिंगच्या एकाही बाईने त्या वडीला हात लावला नाही.

*

पंधरा दिवसांनी चारकोपवाला स्वतः ऑफिसात हजर! डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"मॅडम, मला हे काम नको. तुमचा नमुना आणल्यापासून माझ्या चंदनाला तोच वास, गुलाबाला तोच. सकाळच्या चहालासुद्धा!"

"अहो, हातांना लागलं असेल."

"हातांना?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "बायको रोज विचारते, घरात कोण आलंय?"

*

शेवटी साहेब म्हणाले, लपवाछपवी बस झाली. पत्र घेऊन आम्ही दोघं घाटकोपरला गेलो.

काकांनी पाकीट उघडलंच नाही. उठून कपाटातला एक कागद साहेबांच्या हातात दिला. अख्खा फॉर्म्युला, स्वच्छ अक्षरात!

"इतकी वर्सां झाली," काका म्हणाले, "माका कोणी इचारल्यानच नाय."

साहेबांना मान वर करवेना.

"मंगळवारी अकराक बॅच काढा. मी येतंय."

मंगळवारी कागदाबरहुकूम सगळं घातलं. वास काही येईना. तावडेंनी मापं दोनदा तपासली.

अकरा वाजले आणि अख्ख्या शेडमध्ये एकदम तोच वास! हिराबाईंनी पदर सावरला आणि मागे न बघता, कुणाला बसायला द्यावं तसं, एक स्टूल मागे सरकवलं.

मी गेटवर धावले. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये काकांची सही, वेळ अकरा. "आत्ताच आत गेले की," तो म्हणाला.

आम्ही गोदामापर्यंत सगळं पालथं घातलं. संध्याकाळी मी घाटकोपरला गेले तर काकांच्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "काका? ते रविवारीच गावी गेले ना, सामान घेऊन."

मी तिथे आणखी सहा वर्षं होते. साबणाचा वास एकदाही चुकला नाही. आणि त्या रजिस्टरात, काकांच्या नावापुढे, 'बाहेर'चा रकाना मी नोकरी सोडली तेव्हाही रिकामाच होता.