आण्णासाहेबांची कवळी ओलीस

तर बिरदेव टीव्हीचा ओलीस पडलेला रिमोट सोडवून घरी पोचला तेव्हा मॅच संपून गेली होती, इथवर काल झालं. चूक त्याच्या बायकोची. शेवया झाल्या तरी मशीन परत करायचं राहिलं.

येरमाळ्याच्या अलीकडच्या त्या गावात धुरपदाबाईंचं शेवयांचं पितळी मशीन उन्हाळाभर घरोघर हिंडतं. ते त्यांना आईनं लग्नात दिलेलं. एकदा पाहुण्यांकडं उमरग्याला गेलं, ते दोन उन्हाळे आलंच नाही. तेव्हापासून बाईंचा कायदा झाला: मशीन न्यायचं तर जिच्यावाचून घरात अडेल अशी वस्तू ओलीस ठेवायची. पैसे नकोत. चष्मा चालेल, मोटरसायकलची किल्ली चालेल.

त्या दिवशी माजी सरपंच आण्णासाहेबांच्या घरी कळंबची मेहुणी आलेली. तिला मशीन हवं होतं. आण्णासाहेब जेवून झोपलेले. त्यांच्या बायकोनं, तारामतीबाईंनी, उशाची स्टीलची डबी उचलली आणि धुरपदाबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"काय हाय गं यात?"

"ह्यांची कवळी. वरची-खालची, दोन्ही."

"आन् ते जेवतील कसं?"

"जेवलेत की! उद्या सकाळी मशीन येतंय. रातच्याला दूधभात खातील."

धुरपदाबाई खुदकन हसल्या. डबी पदराआड गेली, मशीन मेहुणीबरोबर कळंबला गेलं.

चार वाजता फोन आला. लेकीला, हर्षालीला, बघायला उद्या येणारे पाहुणे आजच निघाले होते. धाराशिव सोडलं म्हणे. म्हणजे फार तर तासाभरात दारात! आण्णासाहेबांनी उशाशी हात घातला. मग तारामतीबाईंना कबूल करावं लागलं.

आण्णासाहेब तोंडावर उपरणं धरून धुरपदाबाईंच्या ओसरीवर आले. तिथं वसंतराव गुरुजी पेपर वाचत बसलेले. आण्णासाहेब तावातावानं बोलले, पण नुसती हवाच बाहेर आली. शेवटी त्यांनी पेपरच्या कडेला एक शब्द लिहिला. गुरुजींनी मोठ्यानं वाचला:

"खंडणी!"

"म्हंजे ओ?" बाईंनी भोळेपणानं विचारलं.

"पूर्वी गाव लुटू नये म्हणून सरदाराला देत ती," गुरुजी रंगात आले. "आता माणूस पळवून मागतात, ती. दात पळवून मागितलेली मात्र अजून पेपरात आली न्हाय."

"मग म्या कुठं काय मागितलं? मशीन आणा, दात न्या."

आण्णासाहेबांनी कळंबच्या दिशेला हात केला. फोन कानाला लावल्याची खूण केली आणि तोंडाकडं बोट दाखवून मान हलवली. दात नाहीत, बोलू कसं? खरी अडचण दुसरीच. मशीन साडूच्या घरी होतं, आणि साडूपुढं आपण काही मागणार नाही, असं आण्णासाहेब गेली सहा वर्षं गावभर सांगत होते. इकडं पाहुणे, तिकडं साडू. बाईंना हे पुरतं ठाऊक.

त्यांनी डबी उघडली, वरची कवळी धुऊन हातावर ठेवली. खालची तशीच डबीत ठेवून झाकण लावलं.

आण्णासाहेब कवळी बसवून आधी गरजले, "बाई, ही सरळसरळ खंडणी हाय! निम्मीच कवळी दिली, निम्मी दाबून ठिवली!"

धुरपदाबाई डबी मांडीत घेऊन म्हणाल्या, "खंडणी दुसऱ्याच्या मालाची असती, आण्णासाहेब. म्या माझंच मागाय लागले. वरचे दात साडूला फोन लावण्यापुरते दिलेत. आता गोड बोला, मशीन आलं की खालचे पाहुण्यांसाठी देते."