उरलेल्या दोन हाका

आंबागडच्या खुशबूला हाक मारायची असेल तर एकदाच मारा. नाव पुरतं तोंडातून निघत नाही तोवर तिची "ओ" येते, मग हात पिठात असोत की डोक्यावर मोळी असो. गावातली कारटी मुद्दाम कुंपणाआड लपून "खुशबूबाई" म्हणतात आणि ही दरवेळी धावत बाहेर. पंचविशीची बाई, लग्न केलं नाही, बापाजवळ राहते, धान रोवते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. येडी आहे, म्हणतात लोक. म्हणोत बापडे, त्यांचं काय जातं!

ती बारा वर्षांची असताना आई गेली. भाऊ जीवन तेव्हा सात वर्षांचा. बाप डोमा मजुरीचा माणूस, तर त्याचा थोरला भाऊ यादोराव नागपुरात नोकरीला, आणि घरी लेकरू नाही. चार शहाणे जमले आणि ठरवून मोकळे झाले, जीवन यादोरावला दत्तक द्यायचा. पोरीला कोणी विचारलं? छे! वर्षभर तो तिच्याच कुशीत झोपत होता, पण ते कोण ध्यानात घेतो?

"बाई, मी नाई जात नागपूरले," जीवन रडला.

"कोन नेते तुले, पायतेच मी," ती म्हणाली.

मे महिना होता. यादोराव यायच्या दिवशी अख्खा गाव पहाटेच तेंदूपत्त्याला निघाला, त्या घोळक्यातून ही दोघं हळूच सटकली. डोंगर ओलांडला की आईच्या आईचं, शकुनबाईचं गाव. आजी जीवनला कोणाला नेऊ देणार नाही, एवढाच पोरीचा बेत. सोबत बाटलीभर पाणी आणि रुमालात मुरमुरे.

वाट चुकायला दोन तासही लागले नाहीत. नाला कोरडा ठणठणीत. दुपारी बाटली संपली. जीवनचं अंग भट्टीसारखं तापलं, पाय उचलेना. तिने त्याला नाल्याच्या काठाखाली जाळीच्या सावलीत निजवलं आणि ओढणीने वारा घालत बसली.

तेव्हा वरून हाक आली.

"खुशबू!"

जीवन धडपडत उठला. "बाबा होय ना व बाई!" तो ओरडणार, तोच तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. बापाची भीती नव्हती हो! बाप दिसता तर नागपूर-बिगपूर सगळं विसरून ती त्याच्या गळ्यात पडली असती, इतकी घाबरली होती. पण आजीने रानात पानं तोडताना बजावलं होतं, "रानात नावानं हाक आली तं पयल्या हाकेले ओ देऊ नोको. माणूस असन तं तीनदा मारन. एकदाच मारते ते माणूस नोहे."

"थांब," ती जीवनच्या कानात म्हणाली. "आखीन दोनदा मारू दे."

ती कान देऊन बसली. दुसरी हाक आलीच नाही.

वर पन्नास पावलांवर डोमाच होता. सकाळपासून हाका मारून मारून त्याचा गळा बसला होता. ती एक कशीबशी निघाली, पुढे आवाजच फुटेना. तो तिथेच मटकन बसून रडला, आणि मग उठून दुसऱ्या अंगाला गेला.

ऊन उतरल्यावर गुराख्यांना पोरं सापडली. जीवन तुमसरच्या वाटेतच गेला, दवाखाना काही गाठता आला नाही. यादोराव त्याच्यासाठी आणलेले नवे बूट तसेच पिशवीत घेऊन परतला.

डोमाने पोरीला बोट लावलं नाही, की "काहून" म्हणून विचारलं नाही. आपला आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नाही, असं तो धरून चालला. आणि हिने दहा वर्षं त्याला तसं धरून चालू दिलं. काय सांगणार होती बिचारी!

तीन वर्षांमागे दोघं अंगणात तेंदूच्या पानांची पुडकी बांधत बसली होती, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं. "बाबा, त्या दिवशी तुमची हाक मले आयकू आली होती. एकच मारली तुमी. मी अजून दोन हाकांची वाट पायत राहिली."

डोमाच्या हातातली पानं हातातच राहिली. बऱ्याच वेळाने त्याने ते पुडकं बांधलं, बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं.

त्या दिवसापासून तो घरातही तीनदा हाक मारतो. पाणी हवं असलं तरी. चुलीपासून खाट ती किती, चार हातांवर. "खुशबू!" म्हणायचा अवकाश, "ओ बाबा" म्हणत ती पाण्याचा गडवा घेऊन समोर उभी असते. आणि तो तिच्या तोंडाकडे न बघता उरलेल्या दोन हाका मारतो, मगच गडवा हातात घेतो.