पांढऱ्यातला पिवळा

हॉलच्या भिंतीवर नमुन्याचा पट्टा मारून बघितला आणि माझं डोकंच फिरलं. मोबाइलवर दुधासारखा दिसलेला रंग इथे मळकट दिसत होता. तसं कारण मला ठाऊक आहे. मोबाइलवरचा रंग म्हणजे नुसता प्रकाश. लाल, हिरवा, निळा एकत्र आले की पांढरं होतं. डब्यातला रंग उलटा वागतो. तो प्रकाश गिळतो आणि उरलासुरला आपल्याकडे पाठवतो. तेच तिन्ही कालवले तर चिखल होईल. मग भिंतीचा खरा रंग म्हणायचा तरी कुठला?

आई पट्ट्यासमोर उभी होती. तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलाय, डाव्याचा अजून तसाच आहे. एकेक डोळा तळहाताने झाकत ती म्हणाली, "अगं, ह्याने पांढरा दिसतोय आणि ह्याने चक्क पिवळा!"

मला हसू आलं. ती मात्र खाटेवर बसली.

"तुझ्या बाबांना कावीळ झाली ना, तेव्हा डोळे पिवळे दिसतायत हे शेजारणीने सांगितलं. तोवर उशीर झाला होता. मी रोज समोर असून मला दिसलं नाही गं."

"आई, तेव्हा तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सगळंच पिवळट दिसायचं तुला, ते दिसणारच नव्हतं."

रंगकामासाठी उतरवलेला बाबांचा फोटो खाटेवरच होता. तिने तो मांडीवर घेतला, बरा झालेला डोळा झाकला आणि जुन्या डोळ्याने बघत राहिली.