बेसॉल्टचे तीस काप

आमच्या गावात दगड नव्हता. शिरोळ तालुक्यातला कृष्णाकाठ, सगळं उसाचं रान. कुठंही खणा, पुरुषभर खोल काळी मातीच. पायरीला, जात्याला, देवळाला लागणारा दगड बाहेरून आलेला. त्यामुळे मी भूशास्त्र शिकायला कोल्हापूरला जाणार म्हटल्यावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवता जेवता विचारलं, “दगड शिकून माणूस पुढं काय करतंय?” खरं तर मला केमिस्ट्री हवी होती. ती यादी माझ्या अलीकडे चार नंबरांवर संपली आणि भूशास्त्राच्या खिडकीसमोर रांगच नव्हती.

तीन वर्षांनी एम.एस्सी.ला पोचले तेव्हा वर्गात आम्ही सहाजण उरलो होतो. विभाग म्हणजे जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला चार खोल्या. शेवटच्या खोलीत दगड कापायचं यंत्र होतं आणि तिथं मामा बसायचे. पन्नाशी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले, कायम ओल्या बाह्यांचे. विभागप्रमुखांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. एकोणीस वर्षं ते त्या खोलीत होते, पण नोकरी ठेकेदारामार्फत. दरवर्षी कागद नवा व्हायचा.

मामांचं काम लोकांना सांगून पटत नाही. दगडाचा एवढा पातळ काप करायचा की त्याच्यातून उजेड आरपार जावा. आधी यंत्रावर दगडाची चकती कापायची, ती काचेच्या पट्टीवर चिकटवायची, मग जाड काचेवर पाणी आणि पॉलिश कागदावर असते तसली भुकटी टाकून बोटांच्या टोकांनी गोल गोल घासत राहायचं. केसाच्या निम्म्या जाडीचा झाला की थांबायचं. थोडं जास्त घासलं तर दगड संपून नुसती काच उरते. मी पहिल्यांदा घासायला बसले तेव्हा दोन काप फोडले.

“पोरी, दाबायचं न्हाय,” मामा म्हणाले. “दाबलंस की चिरतंय. नुस्तं ठेवायचं आन् फिरवायचं. घाई हाय का कुठं?”

मला जोतिबाच्या डोंगराचा विषय मिळाला होता. त्या डोंगरात लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. पायथ्यापासून वरपर्यंत प्रत्येक थरातला दगड गोळा करायचा, त्याचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि थराथरात काय फरक आहे ते लिहायचं. एकंदर तीस काप. दगड आणायला एका रविवारी मामाच माझ्याबरोबर आले. त्यांचं ते काम नव्हतं. “तुला एकटीला घण मारायला यायचा न्हाय,” एवढंच म्हणाले. घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेला ते घण मारायचे, मी पिशवीवर नंबर घालायची. यात्रेतला गुलाल दगडाच्या भेगांत पार आतपर्यंत गेला होता. पुढं ते दगड कापताना यंत्राचं पाणी दोन दिवस गुलाबी येत होतं.

पहिला चांगला काप झाला तेव्हा मी मामांना सूक्ष्मदर्शकाशी नेलं. एकोणीस वर्षांत त्यांनी हजारो काप केले होते, पण त्यातून बघितलं कधी नव्हतं. कुणी बोलावलंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळा लावला. बेसॉल्ट बाहेरून काळाकुट्ट असतो. त्या नळीतून मात्र निळे, नारिंगी, जांभळे तुकडे दिसतात आणि त्यांच्यामधून करड्या-पांढऱ्या काड्या.

“ह्या कोपऱ्यातल्या काड्या पिवळट का?” त्यांनी विचारलं.

“तिथं काप जाड राहिला की तशा दिसतात, मामा.”

“मग आधी सांगायचं न्हाय व्हय!” म्हणाले आणि काप उचलून परत घासायला गेले. त्यानंतर प्रत्येक काप ते स्वतः डोळा लावून तपासायला लागले. पिवळं दिसलं की तिथंच कपाळाला आठी. त्या दोन-तीन महिन्यांत ते फार खुशीत होते.

मग हजेरीचं यंत्र आलं. ऑफिसच्या दाराशी भिंतीवर बसवलं. ठेकेदाराच्या सगळ्या माणसांनी सकाळ-संध्याकाळ त्यावर बोट ठेवायचं. पहिल्या दिवशी झाडलोटीच्या बायका, वॉचमन, माळी सगळ्यांचं बोट लागलं. यंत्र प्रत्येकाला बाईच्या आवाजात “थँक्यू” म्हणायचं. मामांनी अंगठा ठेवला आणि यंत्र म्हणालं, “प्लीज ट्राय अगेन.” त्यांनी दहाही बोटं ठेवून बघितली. मागं रांग हसायला लागली. मीही तिथंच उभी होते आणि मीही हसले.

क्लार्कने त्यांचा हात उजेडात धरला. बोटांच्या टोकांवर रेषाच नव्हत्या. घासून घासून कातडी काचेसारखी झाली होती. मग ज्याला जे सुचेल ते. कुणी ग्लिसरीन आणून दिलं, कुणी गरम पाण्यात हात बुडवायला सांगितलं, कुणी मेणाचं काहीतरी. मामा रोज सकाळी शर्टाला बोट पुसून ठेवायचे, एकदा, दोनदा, पाचदा, आणि मग खाली मान घालून खोलीकडे जायचे. महिनाअखेर ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं, मशीनमध्ये नाही म्हणजे तुम्ही कामावर नाही. पगार आला नाही.

“अहो, मी रोज हितंच की!” मामा म्हणाले.

“मला काय सांगताय पावणं? मशीनला सांगा.”

एकोणीस वर्षं रोज येणाऱ्या माणसाला तो पावणं म्हणाला.

विभागप्रमुख भले गृहस्थ होते, पण निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेले. त्यांनी सांगितलं, अर्ज करा, सोबत दोन विद्यार्थ्यांचं लेखी जोडा, की तुम्ही रोज हजर असता. मामांनी एक कागद वर्गातल्या एका मुलाकडून घेतला आणि दुसऱ्यासाठी माझ्याकडे आले. साहजिकच होतं. माझे तीस काप त्यांच्या हातात होते. त्यांच्या हजेरीची माझ्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती.

“देतो की मामा, उद्याच,” मी म्हणाले. आमच्या भागात मुलीही देतो, येतो असंच बोलतात.

त्याच दुपारी माझ्या मार्गदर्शक सरांनी बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. “कागद देणार आहेस म्हणे?”

“हो सर.”

“तुझी तोंडी परीक्षा महिन्यावर आली. उद्या चौकशी लागली तर तुला बोलावणार, जबाब घेणार. ठेकेदार कुणाचा माणूस आहे तुला माहीत नाही. आपण शिकायला आलोय, शिकावं. भूजलाच्या प्रकल्पासाठी तुझं नाव मी सुचवणार होतो.” ते आवाज न चढवता, अगदी काळजीनं बोलत होते. देऊ नकोस असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

मी कागद लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी मामांना म्हणाले, उद्या देतो. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवसापासून मी त्या खोलीकडे जायचंच टाळायला लागले. मामांनी एकदाही आठवण केली नाही. पगार नव्हता तरी ते रोज येत होते आणि माझे काप करत होते. यंत्राचा आवाज वर्गापर्यंत यायचा. तास चालू असला तरी माझं लक्ष त्या आवाजाकडे असायचं. तो थांबला की मी दाराकडे बघायची, आता ते येऊन उभे राहतील म्हणून. ते आले ते शेवटी एकदाच, हातात लाकडी पेटी घेऊन. आत तीस खाचा, खाचेत तीस काप, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात नंबर.

“बघून घे. पिवळं कुठं न्हाय.”

मी पेटी घेतली. मी “थँक्यू मामा” म्हटलं. पुढच्या आठवड्यात ठेक्याचं नवीन वर्ष सुरू झालं. यादीत मामा नव्हते. त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. खोलीला कुलूप लागलं आणि नंतरच्या मुलांचे दगड कुरिअरनं परगावी जायला लागले.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी माझे काप एकामागून एक बघितले. “हे फार सुंदर आहेत. कुठून करून आणले?”

“आमच्याच विभागात होतात,” सर म्हणाले.

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला चांगले मार्क पडले. प्रकल्पात नावही लागलं.

निकालानंतर पेढे घेऊन मी शिवाजी पेठेत मामांच्या घरी गेले. पत्ता वर्गातल्या त्या मुलाकडून घेतला, ज्यानं कागद दिला होता. फुटबॉलची मॅच होती बहुतेक, गल्लीभर पताका आणि तालमीसमोर पोरांचा गोंधळ. आत बोळात दोन खोल्या. मामींनी दार उघडलं. मी कोण ते सांगितलं.

“तू व्हय ती तीस दगडांची पोरगी?” त्या दारातनं हलल्या नाहीत. “तुझ्या कागदाची वाट बघत बसलं हुतं हे माणूस. आज देईल, उद्या देईल. आन् वर तुझे दगडबी घासून दिले.”

“गप गं,” आतून मामांचा आवाज आला. “पोरीची परीक्षा हुती. आत येऊ दे.”

मामा नुकतेच कामावरून आले होते. स्वयंपाकाच्या ओट्याचे ग्रॅनाइट गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कापून, कडा घासून देणाऱ्या एका दुकानात रोजावर लागले होते. केस, भुवया, कान सगळं पांढऱ्या भुकटीनं भरलेलं. मी पेढ्यांचा बॉक्स हातात धरूनच म्हणाले, “मामा, परीक्षेचं नव्हतं. सरांनी सांगितलं आणि मी भ्यालो. म्हणून नाही दिला.”

“व्हय,” मामा म्हणाले. “कळलं हुतं मला.”

मला वाटलं, ते आणखी काहीतरी बोलतील. असू दे म्हणतील किंवा शिवी देतील. त्यांनी पेढा घेतला, खाल्ला आणि पाणी प्यायले. मी विचारलं, तिथं पाणी मारून कापता की कोरडंच? ते म्हणाले, “कोरडंच. पाण्यानं गिऱ्हाइकाचं घर खराब हुतंय की.”

आमच्या काळ्या दगडात मोकळी सिलिका जवळपास नसते. ग्रॅनाइटमध्ये भरपूर असते आणि कोरडी भुकटी छातीत जाऊन बसली की निघत नाही. हे मी पेपरात लिहून आले होते, पाच मार्कांना. मी त्यांना सांगितलं, तोंडाला ओलं फडकं बांधा, शक्यतो हे काम सोडा. मामी स्टोव्हपाशी उभ्या होत्या. “आन् धरायचं कुठलं?” त्यांनी विचारलं.

कागद मी नंतर लिहिला. वर्षभरानं. सही केली, तारखा घातल्या, कापांचे नंबर घातले, आणि मामांना घेऊन कामगार कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी तक्रार नोंदवून घेतली. पहिल्या तारखेला ठेकेदाराच्या वकिलानं यंत्राचा छापील कागद दाखवला. मामांच्या नावापुढे प्रत्येक दिवशी गैरहजर. वकिलानं मला विचारलं, “एवढं सगळं डोळ्यांनी बघितलं होतंत, तर त्या वेळी का नाही लिहून दिलंत?” मी खरं ते सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं सरांचं नाव विचारलं, तेही सांगितलं. त्यानंतर विभागात मला कुणी ओळख दाखवत नाही. प्रकल्पाची मुदत संपली ती पुढं वाढवली गेली नाही.

तारखा पडत राहिल्या. सुरुवातीला मामा चालत यायचे, मग रिक्षानं, मग जिन्यात दोनदा बसून. शेवटच्या दोन तारखांना मी एकटीच गेले. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी तो मला उजेडावर धरून दाखवला आणि विचारलं, खाणीत होते का? मी म्हणाले, नाही, ओटे करायचे.

मामा पावसाळ्यात गेले. निकाल लागला नव्हता. अर्जदार हयात नाही म्हणून प्रकरण बंद करण्यात आलं असं पत्र आलं. ते मीच मामींना वाचून दाखवलं. त्यांनी ते घडी करून देवाच्या फोटोमागं ठेवलं आणि म्हणाल्या, “तुज्या कॉलेजात सैपाकाचं काय काम असलं तर बघ. सगळं येतंय मला.”

मी आता दुसऱ्या एका कॉलेजात तासावर भूगोल शिकवते. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात विचारलं, जागा होती. मामी सोमवारपासून लागल्या. रोज शंभरावर भाकरी थापतात. कधी मधल्या सुट्टीत आवारात समोरासमोर आलो तर त्या नुसती मान हलवतात आणि पुढं जातात. मी थांबते. त्या थांबत नाहीत.